दारचोराला जामीन राहिले, त्याची हकिगत

तीर्थरूप दादास,

बेबीचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे सध्या वाकत नाहीत, तेवढे वजा धरून बाकीचा पोचला असं समज.) तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब घालायला कोणी मदत करतं का, की अजून तू स्वतःच घालतोस आणि निम्मे गालावर सांडतोस? माझं बरं चाललं आहे. रक्तदाब वर जातो, वजन खाली येतं, आणि डॉक्टर म्हणतात माणसांत मिसळत जा. मी म्हटलं, पत्ता द्या. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, पण उत्तराला उशीर झाला, कारण मधल्या काळात मी कोर्टात होते. हे वाचून खुर्चीतून ताडकन उठू नकोस, तुला चक्कर येते. मी आरोपी नव्हते, जामीनदार होते. म्हणजे अजून आहे. जामीनदार काय असतो हे मलाही माहीत नव्हतं. आता इतकं माहीत झालं आहे की सांगायला कोणीतरी हवं, आणि अशा वेळी सख्खा भाऊ कामाला येतो.

माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, एक सुतार राहतात हे मी तुला लिहिलं आहे. (तुझं म्हणणं, प्रत्येक पत्रात लिहिलं आहे.) एकटेच असतात. दिवसभर लोकांकडे कामं करतात आणि संध्याकाळी घरी येऊन करमणूक म्हणून पुन्हा तेच करतात. आधी ठोकाठोक, मग रंधा, मग पुन्हा ठोकाठोक. मी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून काढली. साऱ्या गावाच्या लाइनी जोडून दिल्या, स्वतःची तेवढी कुठे लागली नाही. पण कान तयार झाला. त्या कानाला हा छळ सोसवेना, म्हणून मी वर फोन करायची. आमचं बोलणं ठरलेलं होतं. मी म्हणायची, अहो सुतार, जरा. ते म्हणायचे, हो बाई, झालंच. वर्षानुवर्षं एवढंच. (एकदा मी फोन केला तेव्हा ते ठोकत नव्हते. संध्याकाळपासून वरून काहीच आवाज आला नव्हता, म्हणूनच केला होता. ते सवयीने "हो बाई, झालंच" म्हणाले, आणि मग आम्ही दोघांनी फोन ठेवले.)

तर या सुतारांनी एका चष्मेवाल्याच्या दुकानाला दार करून दिलं. अक्रोडाचं, दोन फळ्यांचं. दोन्ही फळ्यांवरच्या लाकडाच्या रेषा अशा जुळवल्या होत्या की सांधा कुठे आहे ते हात फिरवूनही कळू नये. (हे त्यांचं सांगणं. एरवी "झालंच"च्या पलीकडे न जाणारा हा माणूस त्या दाराविषयी बोलू लागला की पुढे त्याच्या वकिलांनाही मध्ये तोंड घालता येत नसे.) चष्मेवाल्याने महिनाभरात त्या दाराला पोपटी तेलरंग फासला आणि वर गाडीच्या चाकाएवढे दोन डोळे काढून घेतले, लांबून दिसावेत म्हणून. ते लांबून दिसले. सुतार बसमध्ये होते, त्यांना दिसले. ते पुढच्या थांब्यावर उतरले, चालत घरी आले, हत्यारं घेतली, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत जाऊन बिजागऱ्या खोलून दार उचलून आणलं. भर सकाळी, हमरस्त्याने, हातगाडीवर. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली म्हणे. सुतारांचं म्हणणं, रंग खरवडून परत नेऊन बसवणार होतो. चष्मेवाल्याचं म्हणणं, माझं दार चोरीला गेलं. दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे प्रकरण चिघळलं.

ते दार आमच्या जिन्यात अडकलं. नेमकं माझ्या मजल्याच्या वळणावर. मी दूध घ्यायला म्हणून माझं दार उघडलं तर समोर आणखी एक दार, आणि त्यावरून दोन डोळे माझ्याकडे टक लावून बघतायत. मी किंचाळले नाही. मी विचारलं, कोण पाहिजे? तेवढ्यात खालून हवालदार आले. म्हणजे वरच्या बाजूला आरोपी, खालच्या बाजूला पोलीस, मध्ये दार आणि दाराच्या आड मी. अटक करायची तर हात पोचत नव्हता. शेवटी आरोपीनेच वरून सांगायला सुरुवात केली: साहेब, तुमच्याकडचा कोपरा खाली घ्या, आता डावीकडे कलवा, रंगाला जपू नका. अशा रीतीने दोघांनी मिळून दार खाली उतरवलं, घाम पुसला, आणि मग हवालदारांनी त्यांना अटक केली. जाताना सुतार माझ्या दाराशी थांबले. म्हणाले, "बाई, आता आवाजाचा त्रास नाही व्हायचा तुम्हाला."

दादा, त्या संध्याकाळी मला हवी होती तेवढी शांतता मिळाली. मी चहा केला, पाय वर घेतले, पुस्तक उघडलं. पान काही उलटलं नाही. घर खायला उठतं असं लोक म्हणतात ना, ते कसं उठतं ते मला त्या दिवशी समजलं. आधी छत उठतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. पोलीस ठाण्यातून, सुतारांचा. (या फोनची घंटा वाजते हे मी विसरले होते. मी आधी दाराकडे गेले.) अटकेतल्या माणसाला कोणाला तरी कळवू देतात, पण त्यांच्या भावाचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये आणि मोबाइल पोलिसांच्या कपाटात. पाठ असलेला नंबर एकच, माझा. इतक्या वेळा पडद्यावर पाहिलेला. ते म्हणाले, बाई, जामीन द्यायला कोणीतरी लागतं म्हणतात. आमचे भाऊ लांब आहेत, आणि तसेही ते नाही येणार. मी म्हटलं, हो, झालंच. आणि चपला घातल्या.

आता तुला जामीन म्हणजे काय ते सांगते, तुझ्यावर वेळ येऊ नये पण आली तर उपयोगी पडेल. माझी समजूत अशी होती की पैसे भरायचे आणि माणूस घेऊन जायचं, इस्त्रीचे कपडे आणतो तसं. वकिलांनी ती दूर केली. (वकील भले गृहस्थ आहेत. एक चष्मा कपाळावर, एक नाकावर, आणि दोन्ही टेबलावर शोधतात.) त्यांनी सांगितलं, रोख रक्कम भरूनही काही वेळा जामीन होतो, आणि तारखांना माणूस नीट हजर राहिला तर खटला संपल्यावर ती परत मिळते. पण आपल्या न्यायाधीशबाईंना रोख नको, माणूस हवा. म्हणजे आरोपीने स्वतः लिहून द्यायचं की मी प्रत्येक तारखेला येईन, त्याला जातमुचलका म्हणतात, आणि शेजारी दुसऱ्या कोणीतरी लिहून द्यायचं की हा नाही आला तर ठरलेली रक्कम मी भरीन. तो दुसरा म्हणजे जामीनदार. त्याला आज एक पैसा द्यावा लागत नाही. पण आरोपी पळाला तर नोटीस त्याच्या दारात येते. मी विचारलं, आणि गुन्हा केला की नाही, त्याचं काय? वकील म्हणाले, त्याच्याशी तुमचा संबंध नाही. जामीन राहणारा माणूस आरोपी निर्दोष आहे असं म्हणत नसतो. तो येईल, एवढंच म्हणतो. मला हे आवडलं. कोणाबद्दल एवढंच म्हणायचं असेल तर मला जमण्यासारखं होतं.

कागद लागतात ते असे: ओळखपत्र, राहण्याचा पुरावा, घराचा कागद, पेन्शनचं पुस्तक, फोटो, आणि प्रत्येकाच्या प्रती, त्याही खऱ्या असल्याच्या शिक्क्यासह. मी सगळं पिशवीत घेऊन गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात एक सफारीवाला गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसला आणि आपुलकीने म्हणाला, मावशी, पहिल्यांदाच वाटतं? तो धंद्याने जामीनदार होता. न बघितलेल्या माणसांना पैसे घेऊन जामीन राहतो, आणि त्या सकाळी दोघांना राहून झाला होता. (वकील नंतर म्हणाले, यांच्यापासून चार हात लांब राहा, हे एक दिवस स्वतःच आत जातात.) पण त्याने मला पंख्याखालची जागा दिली आणि खिडकीवरचा कारकून जेवायला कधी उठतो ते सांगितलं. त्या दिवसात माझ्याशी इतकं गोड दुसरं कोणी बोललं नाही, म्हणून मी त्याच्याविषयी वाईट लिहिणार नाही.

खरी पंचाईत सहीची झाली. माझा हात हल्ली थोडा थरथरतो (तुला कळवलं नव्हतं, आता कळलं). पेन्शनच्या पुस्तकातली सही निवृत्तीच्या दिवशीची, ठसठशीत; आणि आत्ताची पाहून कारकून म्हणाला, ही तुमची नाही. मी पुन्हा केली. तो म्हणाला, ही तर मघाच्या सहीशीही जुळत नाही. म्हटलं, बाबा रे, मीच जुळत नाही आता, सहीला काय बोलतोस. तो हसला, पुस्तकातला फोटो बघितला, माझं तोंड बघितलं आणि शिक्का मारला. घाई यासाठी होती की सुतारांना एव्हाना ठाण्यातून तुरुंगात हलवलं होतं, आणि हुकूम संध्याकाळच्या आत तुरुंगाच्या फाटकावर पोचला नाही तर जामीन मिळूनही माणूस रात्रभर आतच राहतो. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी व्हरांड्यात चहा घेतला नसता.

मग पुकारा झाला. न्यायाधीशबाई माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, आपल्या सुनबाईच्या वयाच्या असतील. कागदांवरची मान वर न करता त्यांनी विचारलं, "आरोपी तुमचे कोण?"

मी म्हटलं, कोणी नाही. वकिलांना ठसका लागला.

"मग जामीन का राहताय?"

मी म्हटलं, ते वर राहतात. हे उत्तर कोर्टात पुरत नाही. बाईंनी मान वर केली आणि विचारलं, मी त्यांना कितपत ओळखते. आता काय सांगणार? मी त्यांचं तोंड जिन्यात दहा-वीसदा पाहिलं असेल. म्हणून मला जे माहीत होतं तेच सांगितलं. ते उजाडायच्या आधी उठतात. दमले असले की डावा पाय ओढतात. जेवताना खुर्ची सरकत नाही, म्हणजे उभ्यानेच जेवतात. थंडीत खोकतात आणि खोकला यायचा झाला की खिडकी लावून घेतात, खाली ऐकू जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, "बाई, इतक्या वर्षांत एकही रात्र अशी गेली नाही की वरच्या कुलपात किल्ली फिरली नाही. या माणसाला जायला दुसरं ठिकाणच नाही. तारखेला येतील ते."

सुतार मागे कठड्यापाशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, चारचौघांत मी त्या माणसाचे कपडेच काढले की काय. बाईंनी सही केली, टोपण लावलं आणि विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही इथेच राहणार आहात ना?"

मी "हो" म्हटलं. इतक्या चटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. कारण दादा, तुझं पत्र तेव्हा माझ्या पिशवीत होतं, घराच्या कागदाला चिकटून: घर विकून टाक, इकडे ये, मुलाच्या घरात मागची खोली रिकामी आहे, असं लिहिलेलं.

हुकूम वेळेत पोचला. सुतार फाटकातून बाहेर आले, हातात पट्टा आणि बुटांच्या नाड्या. (त्या आत काढून घेतात. का ते मी विचारलं नाही.) बसमध्ये आम्ही शेजारी बसलो आणि घर येईपर्यंत ते नाड्या ओवत राहिले. अटी त्यांना वाचून दाखवल्या होत्या: प्रत्येक तारखेला हजर राहायचं, आठवड्यातून एकदा ठाण्यावर सही करायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, चष्मेवाल्याच्या दुकानाकडे फिरकायचं नाही. जिन्यात ते म्हणाले, येतो बाई. मी म्हटलं, या. ते वर गेले, किल्ली फिरली, आणि त्यानंतर काही नाही.

खरंच काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. ठोकाठोक नाही, रंधा नाही, पाऊलसुद्धा नाही. मला वाटलं, पळाले. जामीनदाराची पहिली शिकवण ही की त्याला झोप लागत नाही. मी छताकडे बघत बसायची. स्टुलावर उभी राहून कानही लावून पाहिला (डॉक्टरांना सांगू नकोस). शेवटी एका संध्याकाळी गुडघ्यांना समजावून वरचा जिना चढले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि दार वाजवलं.

दार उघडलं. सुतार घरातच होते. पायात दोन-दोन मोजे. मध्यभागी उलटी खुर्ची, आणि हातात हातोडी, तिला जुना टॉवेल गुंडाळून सुतळीने बांधलेला. म्हणाले, "तुमचे उपकार झाले, बाई. आता तुमच्याच डोक्यावर ठोकणं बरं दिसत नाही."

मी धापा टाकत होते म्हणून त्यांनी खुर्ची सुलटी करून मला बसवलं. (तिला तीनच पाय लागले होते. चौथ्या बाजूला त्यांनी गुडघ्याचा टेकू दिला.) मी म्हटलं, "अहो सुतार, तुम्ही ठोकत जा. आवाज नाही आला की मला वाटतं, गेलात."

"पळालो असं वाटतं?"

"गेलात असं," मी म्हटलं.

त्यांनी सुतळी सोडली, टॉवेल घडी करून ठेवला, आणि एका फळीवर दोन ठोके मारून विचारलं, एवढं चालेल का. मी म्हटलं, अजून जरा जोरात.

तेव्हापासून सुरळीत चाललं आहे. एक गंमत मात्र झाली आहे. त्यांचा असा समज आहे की जामीनदाराला प्रत्येक गोष्ट सांगावी लागते. म्हणून कुठेही निघाले की माझ्या दाराशी थांबून सांगतात: बाई, खिळे आणायला जातोय. बाई, सही करून येतो. बाई, आज उशीर होईल. कायद्यात असं काही नाही, मी वकिलांना विचारून घेतलं आहे. सुतारांना सांगितलेलं नाही. बाहेर जाताना मला कोणी सांगून जात होतं त्याला किती वर्षं झाली, ते मी मोजत नाही.

तर दादा, एवढं सगळं लिहायचं कारण हे की मला तिकडे येता येत नाही. माझी इच्छा असो नसो, कायद्याने बांधली गेले आहे. घराचा कागद कोर्टात जमा आहे, विकता येणार नाही; आणि वकील म्हणतात, असले खटले वर्षानुवर्षं चालतात. तुझा आग्रह मला कळतो, पण न्यायासनापुढे आपलं काय चालणार? सुनबाईला आशीर्वाद, नातवाला पापा. तब्येतीला जप, आणि थेंब आडवं पडून घाल.

तुझी,
बेबी (वय वर्षे चौसष्ट)

ता. क. वरचं पत्र लिहून आठवडा झाला, टाकायचं राहिलं. तेवढ्यात खटला संपला. झालं असं की दार मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात उभं, आणि चष्मेवाल्याच्या दुकानाला पडदा. वारा आला की गिऱ्हाईक वाचत असलेला अक्षरांचा तक्ताच उडून जायचा. निकाल लागेपर्यंत दार परत मिळणार नाही म्हटल्यावर तो नरमला. पोपटी रंग खरवडायचा, डोळे वेगळ्या पाटीवर काढायचे, आणि पाटी सुतारांनीच करून द्यायची, अशी तडजोड झाली. कोर्टाने परवानगी दिली. कारकुनाने घराचा कागद मला परत केला आणि म्हणाला, सुटलात मावशी, आता तुमचा यांच्याशी काही संबंध नाही. मी थँक्यू म्हटलं. परतीच्या बसमध्ये मला खिडकीबाहेर बघण्यासारखं पुष्कळ होतं, म्हणून मी बाहेरच बघत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी सुतार. म्हणाले, बाई, दार बसवायला जातोय, दुपारपर्यंत येतो. मी म्हटलं, आता सांगायची गरज नाही. ते म्हणाले, हो, माहीत आहे.

ता. क. २. म्हणजे वर लिहिलेलं कायद्याचं कारण आता उरलं नाही, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. तरी मी येत नाही.

ता. क. ३. मूळ मुद्दा राहिला. तूच इकडे ये. चार दिवसांसाठी नको, राहायला ये. मुलाला विचारत बसू नकोस, त्याला सांग. तो हो म्हणेल, चांगला मुलगा आहे. तुझ्यासाठी न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली आहे, आणि खुर्चीचा चौथा पायही लागला. थेंब मी घालीन, थरथरत्या हाताने घातलेले निदान दोन्ही गालांवर सारखे सांडतील. उत्तर पत्रानेच पाठव, फोन करू नकोस. फोनवर तू "मजेत आहे" म्हणतोस, आणि तुझ्यामागे त्या एवढ्या मोठ्या घरात कोणाचाच आवाज येत नाही.